कारुरा वनातील सस्तन प्राणी: पाठमोऱ्या प्राण्याची ओळख

कारुरा हे नैरोबी शहराच्या उत्तर अंगाला असलेले, सुमारे एक हजार हेक्टरांचे वन आहे. मुथैगा, गिगिरी आणि रुंडा या वस्त्या त्याच्या सीमेला टेकलेल्या आहेत आणि संयुक्त राष्ट्रसंघाचे नैरोबीतील मुख्यालयही गिगिरीतच आहे. १९३२ साली त्याला राखीव वनाचा दर्जा मिळाला. १९९०च्या दशकात त्यातील जमिनी खासगी बांधकामासाठी वाटल्या जाऊ लागल्या, तेव्हा केनियातील पर्यावरण कार्यकर्त्या वंगारी मथाई यांनी त्याविरुद्ध लढा उभारला. जानेवारी १९९९ मध्ये तेथे रोपे लावायला गेलेल्या मथाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर हल्लाही झाला. पुढे केनिया वन सेवा आणि ‘फ्रेंड्स ऑफ कारुरा फॉरेस्ट’ या स्थानिक संघटनेने मिळून वनाला विद्युत कुंपण घातले, पायवाटा आखल्या आणि लोकांसाठी वन खुले केले. हा इतिहास प्राणी पाहणाऱ्याच्या थेट कामाचा आहे, कारण आज येथे कोणता प्राणी दिसतो आणि कोणता दिसत नाही, हे बऱ्याच अंशी त्या कुंपणावर आणि जुन्या वृक्षतोडीवर ठरले आहे. कुंपणाच्या आत लहान कुरंग, म्हणजे अँटिलोप, टिकले. मात्र बाहेरून नवे प्राणी आपल्या पायांनी येण्याची वाट जवळजवळ बंद झाली.

या वनात पहिल्यांदा जाणाऱ्याची एक अडचण ठरलेली असते. ओळखपुस्तकातील चित्रात प्राणी उजेडात, बाजूने, शांतपणे उभा असतो आणि त्याचा चेहरा, शिंगे, पाय सारे स्पष्ट दिसते. कारुरातील झाडोऱ्यात मात्र प्राणी आपल्याला पाहण्याआधी आपल्याला ऐकतो, आणि आपली नजर त्याच्यावर पडते तेव्हा तो पाठ फिरवून निघालेला असतो. हाती लागतात ते दोन-तीन सेकंद, आणि त्या दोन-तीन सेकंदांत दिसते ते शेपूट, पुठ्ठे आणि पळण्याची ढब. म्हणून चेहरा पाठ करण्याआधी मागची बाजू पाठ करावी, असा या लेखाचा आग्रह आहे. शिंगे दिसली तर उत्तमच. पण शिंगांच्या आशेवर राहणाऱ्याच्या वहीत ‘लहान हरीण, तपकिरी’ अशा निरुपयोगी नोंदीच साठत जातात.

वेळ आणि साधने

नैरोबी विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंश दक्षिणेला असल्यामुळे वर्षभर सूर्योदय सकाळी सहा ते पावणेसातच्या दरम्यानच होतो आणि संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. वनाची फाटके सकाळी उघडतात आणि सायंकाळी बंद होतात. रात्री आत थांबता येत नाही. त्यामुळे पहिला एक तास सर्वांत मोलाचा ठरतो. शनिवार-रविवारी पायवाटांवर धावणारे, सायकलस्वार आणि कुत्रे फिरवणारे यांची वर्दळ लवकर सुरू होते, म्हणून शक्य असेल तर आठवड्याच्या मधला दिवस निवडावा. जून ते ऑगस्ट या काळात आकाश पुष्कळदा ढगाळ आणि हवा थंड असते. अशा सकाळी प्राणी नऊ-दहा वाजेपर्यंतही वावरताना दिसतात. मार्च ते मे हा लांब पावसाचा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा छोट्या पावसाचा काळ ठसे वाचण्यासाठी चांगला, कारण लाल माती ओली असताना ठसा स्वच्छ उमटतो. जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत ओढ्यांच्या आणि नद्यांच्या काठावर भर द्यावा.

दुर्बीण आठ पटीची आणि बेचाळीस मिलिमीटर व्यासाच्या भिंगांची घ्यावी. दहा पटीची दुर्बीण मोकळ्या माळावर बरी. दाट सावलीत तिच्यातून प्रतिमा अंधूक येते आणि हात किंचित हलला तरी प्राणी दृष्टिक्षेत्रातून निसटतो. याशिवाय एक वही, पेन्सिल आणि सेंटीमीटरच्या खुणा असलेली छोटी पट्टी एवढे पुरे. कपडे मळकट रंगाचे असावेत, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते सरसरणारे नसावेत. चालताना कृत्रिम धाग्याच्या जाकिटाचा होणारा आवाज सुनीसारख्या छोट्या कुरंगाला लांबवर ऐकू जातो. पाण्याची बाटली धातूची किंवा पुन्हा वापरता येण्याजोगी न्यावी, कारण केनियातील संरक्षित क्षेत्रांत जून २०२०पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर बंदी आहे.

चालण्याची पद्धत साधी आहे, पण ती पाळणारे थोडे. पन्नास पावले चालावे आणि दोन मिनिटे थांबावे. चालताना प्राणी आपल्याला टिपतात आणि थांबल्यावर आपण त्यांना टिपू लागतो. शिवाय झुडपात निश्चल उभा राहिलेला बुशबक जातीचा कुरंग माणूस चालत राहिला तर हलत नाही, मात्र माणूस थांबला की अस्वस्थ होऊन पाय हलवतो आणि तेव्हाच दिसतो. नजर समोर ठेवण्यापेक्षा झुडपांच्या तळाशी, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवावी. कारुरातील बहुतेक कुरंग त्याच उंचीचे आहेत.

झाडोऱ्यातील कुरंग

आधी एक गोष्ट निश्चित करून घ्यावी. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, दरवर्षी शिंगे गाळणारी खरी हरणे नैसर्गिकरीत्या आढळत नाहीत. येथे दिसणारे सारे कुरंग आहेत. त्यांची शिंगे शाखाहीन असतात आणि आयुष्यभर टिकतात. शिंगे नराला आहेत, मादीला आहेत की दोघांनाही आहेत, हा प्रश्न ओळखीत वारंवार उपयोगी पडतो.

सर्वांत लहान तो सुनी. खांद्यापाशी उंची तीस ते चाळीस सेंटीमीटर आणि वजन साधारण पाच किलो, म्हणजे मांजराहून फार मोठा नव्हे. अंग तांबूस तपकिरी, त्यावर बारीक राखी झाक, आणि कान इतके पातळ की मागून ऊन आले तर गुलाबी दिसतात. डोळ्यांच्या पुढे गंधग्रंथींचे फुगीर उंचवटे असतात. शिंगे फक्त नराला; ती वळ्यावळ्यांची, सरळ आणि चेहऱ्याच्याच रेषेत मागे कललेली असतात. पण ओळख पटवणारी खूण शेपूट. सुनीचे शेपूट त्याच्या आकाराच्या मानाने लांब, गडद आणि पांढऱ्या टोकाचे असून तो ते सतत डावीकडून उजवीकडे झटकत असतो. झुडपाच्या सावलीत बाकी काही दिसत नसताना ती पांढरी झटक तेवढी दिसते, आणि एकदा ती लक्षात बसली की सुनी दुसऱ्या कशात मिसळत नाही. तो ठरावीक वाटांनी ये-जा करतो आणि ठरावीक जागी लेंड्या टाकतो. मिरीच्या दाण्यांसारख्या लहान लेंड्यांचा जुना-नवा ढीग सापडला तर त्याच वाटेवर पुढच्या सकाळी लांब अंतरावर शांत बसून राहावे. खुराचा ठसा जेमतेम दोन सेंटीमीटर लांब असतो.

सुनीला ‘डिकडिक’ म्हणण्याची चूक फार सर्रास होते. कर्कचा डिकडिक हा कोरड्या, काटेरी झुडपी प्रदेशाचा प्राणी आहे. त्याचे नाक लांबट, हलते आणि सोंडेच्या दिशेने निघाल्यासारखे दिसते, डोक्यावर केसांचा उभा तुरा असतो आणि शेपूट इतके तोकडे की मागून ते जवळजवळ नसल्यासारखेच वाटते. कारुराच्या प्राणियादीत डिकडिकचे नाव असले, तरी दाट, ओलसर झाडीत शेपूट झटकणारा छोटा कुरंग दिसल्यास तो सुनीच धरून चालावे, आणि डिकडिकची नोंद करायची तर नाक दिसल्याशिवाय करू नये.

त्याहून मोठे ते डायकर, आणि ते दोन प्रकारचे. हार्वीचा डायकर हा वनाचा रहिवासी आहे. अंग लालसर, भाजल्या विटेच्या रंगाचे, कपाळापासून नाकापर्यंत काळा पट्टा, डोक्यावर केसांचा झुपका, वजन तेरा ते सोळा किलो. त्याच्या नर-मादी दोघांनाही छोटी, मागे वळलेली शिंगे असतात, पण झुपक्यात ती लपून जातात. पाठ पुढच्या बाजूला उतरती आणि पुठ्ठे उंच, त्यामुळे धावताना तो डोके खाली घालून झुडपात बुडी मारल्यासारखा शिरतो. राखी डायकर त्याच उंचीचा किंवा किंचित उंच, पण पायांनी लांब, कानांनी टोकदार आणि रंगाने राखाडी-पिवळसर असतो. नाकावर गडद पट्टा असतो आणि शिंगे फक्त नराला असतात. तो बंद झाडीपेक्षा कडेची गवताळ, विरळ जागा पसंत करतो आणि पळताना वेडीवाकडी वळणे घेतो. मागून पाहताना लाल पुठ्ठा म्हणजे हार्वीचा आणि राखाडी पुठ्ठ्यावर वरून काळे, खालून पांढरे शेपूट म्हणजे राखी, एवढे लक्षात ठेवले तरी बहुतेक वेळा भागते. अंधाऱ्या सकाळी लाल आणि राखाडी हा फरक डोळ्यांना फसवतो, हे मात्र खरे. अशा वेळी जागा काय होती, पळण्याची तऱ्हा कशी होती, हे आधी लिहावे आणि रंग शेवटी.

बुशबक हा येथील सर्वांत मोठा कुरंग. मादी तीस-चाळीस किलोंची आणि तांबूस, नर त्याहून बराच जड आणि वयाबरोबर गडद होत जाणारा. मानेवर दोन पांढरे डाग, अंगावर पुसट पांढऱ्या रेघा आणि पुठ्ठ्यावर पांढरे ठिपके. हे पुठ्ठ्यावरचे ठिपके आणि पळताना वर उचललेल्या झुपकेदार शेपटीची पांढरी खालची बाजू या दोन खुणा मागून पाहणाऱ्यासाठीच बनवल्यासारख्या आहेत. शिंगे फक्त नराला, एकच पीळ घेतलेली. बुशबक बहुधा एकटा असतो. दोन-तीन एकत्र दिसले तर आई आणि पिल्लू असण्याची शक्यता अधिक. धोका वाटला की तो कुत्र्यासारखा घोगरा भुंकतो. कारुरात साखळीला बांधलेले पाळीव कुत्रे फिरवण्याची परवानगी असल्यामुळे नवख्याला तो आवाज कुत्र्याचाच वाटतो. फरक असा की बुशबक एकेकदा, मधे मोठा विराम ठेवून भुंकतो आणि आवाज एकाच जागेवरून येतो किंवा हळूहळू दूर जातो. कुत्र्याच्या भुंकण्याची सलग माळ असते.

माकडांखाली उभे राहणे

झाडांवरची मंडळी पाहणे सोपे आहे, पण त्यांचा खरा उपयोग जमिनीवरचे प्राणी शोधण्यासाठी होतो. फळांनी लगडलेल्या मुगुमोच्या, म्हणजे जंगली अंजिराच्या झाडावर साइक्स माकडांचा कळप चरत असेल तर झाडाखाली अर्धवट खाल्लेली फळे, पाने आणि फांद्या पडत राहतात. डायकर आणि सुनी ते खायला झाडाखाली येतात. अशा झाडापासून पंचवीस-तीस मीटर दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसावे आणि दुर्बीण माकडांवर न लावता झाडाच्या बुंध्याभोवती लावावी. कारुरात कुरंग पाहण्याचा याहून खात्रीचा उपाय मला ठाऊक नाही.

साइक्स माकड ओळखायला कठीण नाही. गळ्याभोवती पांढरी पट्टी, पाठ करडी-तपकिरी, हात काळसर, शेपूट शरीराहून लांब. कळपात बहुधा एकच प्रौढ नर असतो, आणि त्याची ‘प्याव’ अशी मोठी हाक दूरवर जाते. या हाका ऐकायला शिकणे फार लाभाचे ठरते. कारुरात मुकुटधारी गरुड आहेत आणि ते माकडे व लहान कुरंग पकडतात. आकाशातून धोका दिसला की नराच्या हाकेची धाटणी बदलते, ती तुटक आणि झटक्यांची होते, आणि सारा कळप पानांच्या आत दडतो. जमिनीवरच्या धोक्याला मात्र तो ‘प्याव’ हीच हाक देत राहतो आणि माकडे खाली पाहत फांद्यांवर सरकतात. माकडे खाली पाहत असतील तर आपणही खाली पाहावे. तेथे बहुधा मोकाट कुत्रा किंवा आपल्यासारखाच कोणी फिरणारा निघतो, पण कधीकधी एखादे रानमांजरासारखे जनावरही निघते. मोकळ्या कडांना वर्वेट माकडेही दिसतात. त्यांचा चेहरा काळा आणि कपाळावर पांढरी पट्टी असते, अंग फिके राखाडी असते, आणि गळ्याला पांढरी पट्टी नसते.

गेरेझा कोलोबस हा काळा-पांढरा वानर कारुरातून नाहीसा झाला होता. २०१४पासून किपिपिरी भागातून कळप पकडून येथे आणण्यात आले, कारण तेथे वन आक्रसल्यामुळे ते शेतांत उतरून अडचणीत सापडत होते. त्याच्या खांद्यांपासून पाठीवर उतरणारी लांब पांढऱ्या केसांची झालर आणि टोकाला पांढरा झुबका असलेले शेपूट खालून पाहताना फांदीवरून सरळ खाली लोंबताना दिसते. साइक्सचे शेपूट एकसारखे गडद असते, त्यामुळे दाट पानांत बाकी काही न दिसता केवळ शेपूट दिसले तरी दोघांत गोंधळ होत नाही. कोलोबस पाने खातो, पोटाच्या अनेक कप्प्यांत ती आंबवून पचवतो आणि म्हणून दिवसाचा मोठा भाग नुसता बसून काढतो. माकड पंधरा मिनिटांत एकाच फांदीवरून हललेले नाही, ही देखील ओळखीची खूण समजावी. पहाटे नरांची खोल, घरघरती गर्जना ऐकू येते आणि एका कळपाने सुरुवात केली की दुसरा उत्तर देतो. नवजात पिल्लू पूर्ण पांढरे असते आणि तीन-चार महिन्यांत प्रौढांचे रंग घेते, म्हणून पिल्लाच्या रंगावरून त्याच्या वयाचा अंदाज लिहिता येतो.

खारींविषयी थोडक्यात सांगायचे तर, झाडावरील तपकिरी बुश स्क्विरल सर्वत्र दिसते आणि तिची जात नक्की करण्यासाठी चांगले छायाचित्र लागते. ते नसेल तर ‘झाडखार’ एवढेच लिहून पुढे जावे.

जे दिसत नाहीत त्यांच्या खुणा

कारुरातील निम्म्याहून अधिक रंजक सस्तन प्राणी निशाचर आहेत आणि रात्री फाटके बंद असतात. त्यामुळे बुशपिग (आफ्रिकी रानडुक्कर), साळिंदर, जवादी मांजर, जेनेट (मांजरासारखा लांबट, ठिपक्यांचा प्राणी) आणि हनी बॅजर (बिज्जूसारखा प्राणी) यांच्याशी आपली गाठ बहुतेक त्यांच्या खुणांतूनच पडते. सकाळी सर्वांआधी फाटकातून आत जाण्याचे खरे कारण हेच आहे; धावणाऱ्यांची पावले आणि सायकलींची चाके तासाभरात रात्रीचा मजकूर पुसून टाकतात.

ठसा पाहताना पहिला प्रश्न खुराचा की पंजाचा. खूर असेल तर लांबी मोजावी. दोन सेंटीमीटरच्या आसपास सुनी, तीनच्या आसपास डायकर, चार-पाच सेंटीमीटर आणि पुढे टोकदार असेल तर बुशबक. तेवढाच किंवा त्याहून मोठा, पण बोथट, रुंद आणि मऊ मातीत मागे दोन छोट्या उपखुरांच्या खुणा असलेला ठसा बुशपिगचा. बुशपिग जमीन नाकाने उकरतो आणि ओढ्याकाठी नांगरल्यासारखे पट्टे सोडतो. पहाटे फाटक उघडताना तो क्वचित समोर आलाच, तर पळताना त्याचे शेपूट खाली असते. केनियाच्या माळावरचा वॉर्टहॉग शेपूट उभे करून पळतो, त्यामुळे मागूनही दोघांची ओळख पटते. पिल्लांसह असलेल्या बुशपिगला वाट द्यावी आणि मागे हटावे.

पंजाचा ठसा असेल तर आधी कुत्रा वगळावा, कारण रोज शेकडो माणसे येथे कुत्र्यांसह येतात. जवादी मांजराचा ठसा कुत्र्यासारखाच, चार बोटांचा आणि नखांच्या खुणांचा असतो, पण अधिक गोल आणि लहान असतो; शिवाय शेजारी माणसाच्या बुटांचा माग नसतो, ही अशा वनात दुर्लक्षू नये अशी साधी गोष्ट आहे. जेनेटचा ठसा लहान, मांजरासारखा आणि बहुधा नखांविना. हनी बॅजरचा ठसा लगेच कळतो, कारण त्याच्या पुढच्या पायांची लांब नखे बोटांच्या बरीच पुढे छिद्रांसारखी उमटतात.

जवादी मांजराची विष्ठा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ते अनेक रात्री एकाच ठिकाणी विष्ठा टाकते. तिच्यात फळांच्या बिया, केस आणि सहस्रपाद किड्यांच्या कडक कड्या सापडतात, आणि त्या कड्यांवरूनच ती ओळखावी, कारण इतर मांसभक्षक त्या किड्यांना सहसा तोंड लावत नाहीत. काडीने विस्कटून पाहावे, हाताने नव्हे. जागा सापडली की पुढच्या फेऱ्यांत तिकडे पुन्हा जावे. मुगुमोचा बहर चालू असेल तर विष्ठेत अंजिराच्या बारीक बिया वाढलेल्या दिसतात, आणि वनात कोणते झाड केव्हा फळते याची नोंद आपोआप हाती येते.

साळिंदराचा काळा-पांढरा काटा वाटेवर सापडला तर ओळखीला आणखी पुरावा नको. काटा नसेल तर झाडांची साल पाहावी. बुंध्याच्या तळाशी, गुडघ्याच्या उंचीपर्यंत साल कुरतडलेली असेल आणि रुंद दातांच्या समांतर खुणा असतील तर ते साळिंदराचे काम. साल वरच्या फांद्यांवर, विशेषतः लावलेल्या सायप्रस झाडांवर, पट्ट्यापट्ट्यांनी सोललेली असेल तर ते साइक्स माकडांचे. बिळे दिसली तर त्यांत हात किंवा काठी घालू नये. आत कोण आहे हे बाहेरून कळत नाही.

वनाला लागून असलेल्या एखाद्या बागेत सायंकाळी बसण्याची सोय असेल तर निशाचरांना प्रत्यक्ष पाहण्याची संधी मिळते. टॉर्चवर लाल पातळ कागद लावावा आणि झोत प्राण्याच्या डोळ्यांवर धरून ठेवू नये. झाडावर तांबूस-केशरी चमकणारे, मोठे आणि उड्या मारताना एकदम नाहीसे होणारे डोळे गॅलॅगोचे, म्हणजे बुशबेबीचे. मोठ्या गॅलॅगोची रडण्यासारखी हाक डोळ्यांच्या आधी येते आणि बाळाच्या रडण्याशी तिचा गोंधळ होतो. भिंतीवरून किंवा फांदीवरून सरकणारी लांबोडी आकृती आणि तिच्यामागे जवळजवळ शरीराएवढे, वळ्यांचे शेपूट असेल तर जेनेट. मोठ्या ठिपक्यांच्या जेनेटच्या शेपटीचे टोक गडद असते. जवादी मांजर त्याहून बरेच जड, जमिनीवरच चालणारे, शेपटीने आखूड असते आणि घाबरल्यास पाठीवरचे केस उभे करते. पांढऱ्या शेपटीचे मोठे मुंगूसही अशा वेळी गवतावर किडे शोधताना दिसते. दिवसा वाट ओलांडणारे छोटे, सडपातळ मुंगूस वेगळे. पळताना ते काळ्या टोकाचे शेपूट वर उचलते, आणि बहुतेक वेळा तेवढे टोकच आपल्या वाट्याला येते.

फळे खाणारी एपॉलेट वटवाघळे या नियमाला अपवाद आहेत, कारण त्यांना शेपटीवरून ओळखायचे नसते. दिवसा ती पानांच्या सावलीत थोड्या-थोड्या संख्येने लटकतात आणि बऱ्यापैकी जागी असतात. कानांच्या मुळाशी पांढरे ठिपके असतात आणि नराच्या खांद्यांवर पांढऱ्या केसांचे झुबके असतात, जे तो मादीला बोलावताना फुलवतो. झाडाखाली चघळून थुंकलेल्या फळाच्या चोथ्याचे गोळे पडलेले असतील तर वर पाहावे. वटवाघळांना कधीही हात लावू नये आणि त्यांची वस्ती असलेल्या गुहेत शिरू नये. केनियातच माउंट एल्गनवरील किटुम गुहेला भेट दिलेल्या व्यक्तींना १९८० आणि १९८७ साली मारबर्ग विषाणूचा संसर्ग झाला होता. कारुरातील गुहा ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या माऊ माऊ लढ्याच्या स्मृतीसाठी बाहेरून पाहाव्यात आणि पुढे जावे.

नोंद कशी ठेवावी

कारुरातील वाटांच्या फाट्यांवर क्रमांक लिहिलेले आहेत. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जवळच्या फाट्याचा क्रमांक, झाडीचा प्रकार आणि प्राणी कोणत्या दिशेला गेला हे लिहावे. झाडीचा प्रकार लिहिणे अनेकांना अनावश्यक वाटते, पण देशी वृक्षांची मिश्र झाडी, निलगिरीची जुनी लागवड आणि ओढ्याकाठची पाणथळ या तिन्हींत प्राणी सारखे नसतात, आणि वनात निलगिरी काढून देशी झाडे लावण्याचे काम चालू असल्यामुळे आजची नोंद काही वर्षांनी तुलनेसाठी लागते.

आकाराचा अंदाज हा निरीक्षकाचा सर्वांत अविश्वासू मित्र आहे. त्यावर एक चांगला तोडगा असा की प्राणी निघून गेल्यावर, वाटेवरूनच, त्या जागेचे छायाचित्र घ्यावे आणि त्याची पाठ कोणत्या पानापर्यंत किंवा मुळापर्यंत पोहोचत होती हे लगेच लिहून ठेवावे. सोबत्याला त्या जवळ, वाटेच्या कडेला उभे करून पुन्हा एक छायाचित्र काढले तर उंची बऱ्यापैकी नेमकी मिळते. प्राण्याचे धूसर छायाचित्र काढण्यात ते दोन सेकंद घालवण्यापेक्षा नुसते डोळ्यांनी शेपूट पाहावे, हे माझे मत आहे. पुष्कळ छायाचित्रकारांना ते पटणार नाही.

ओळखीच्या तीन पायऱ्या ठरवाव्यात: निश्चित, संभाव्य आणि शक्य. वेगळे करणारे लक्षण प्रत्यक्ष दिसले तरच निश्चित. जागा, वेळ आणि ढब जुळते, पण ते लक्षण दिसले नाही, तर संभाव्य. बाकी सारे शक्य. वनरक्षकांशी बोलताना स्वाहिली नावे उपयोगी पडतात. साइक्स माकडाला किमा, कोलोबसला म्बेगा, बुशबकला पोंगो, साळिंदराला नुंगुनुंगु आणि गॅलॅगोला कोम्बा म्हणतात. छोट्या कुरंगांपैकी कोणालाही ‘पा’ म्हटले जाऊ शकते, त्यामुळे ‘येथे पा असतो’ असे कोणी सांगितले तर शेपूट कसे होते हे पुढे विचारावे.

नोंदी आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर देताना सुनीच्या लेंड्यांच्या ढिगाची किंवा साळिंदराच्या बिळाची नेमकी जागा उघड करू नये, कारण ठरलेल्या वाटेने जाणारा प्राणी तारेच्या फासात सहज अडकतो. वाटेच्या कडेला असा फास दिसलाच तर त्याला हात न लावता फाट्याचा क्रमांक लिहून घ्यावा आणि जवळच्या फाटकावर किंवा गस्तीवरच्या रक्षकाला लगेच सांगावे. स्वयंचलित कॅमेरे लावायचे असतील तर केनिया वन सेवेची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. प्राण्यांना खायला घालणे, आवाज वाजवून बोलावणे आणि वाट सोडून झाडीत शिरणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. खायला मिळू लागलेली साइक्स माकडे पिशव्या हिसकावू लागतात आणि त्यानंतर त्यांच्या वागण्याविषयीच्या नोंदींना फारसा अर्थ उरत नाही.

‘शक्य’ या पायरीवरच्या नोंदी खोडू नयेत. त्याच फाट्यावर, त्याच वेळी, तशीच आकृती पुन्हा दिसली आणि या वेळी पांढऱ्या टोकाचे शेपूट झटकताना दिसले, तर जुन्या नोंदीपुढे नव्या तारखेचा संदर्भ द्यावा; मूळ शब्द मात्र तसेच ठेवावेत.